फार्म हॉलची संभाषणे : उपरोध आणि साक्ष

( १ )

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीमध्ये अणुकेंद्रविषयक जे संशोधन झाले, त्याचा बाह्य इतिहास आता बहुतांशी स्थिर झाला आहे. कोणत्या प्रयोगशाळेत कोणता प्रयोग झाला, जड पाणी कोठून आले, युरेनियमचे घन कोठे टांगले गेले, यांविषयी अभ्यासकांत फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो हेतूविषयी. जर्मन शास्त्रज्ञांना अणुबाँब करता आला नाही, की तो करावयाचा नाही असे त्यांनी मनाशी ठरविले होते ? या एका प्रश्नाभोवती ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. एक गाजलेले नाटकही झाले. आणि या वादात दोन्ही पक्षांनी ज्याला अखेरचा साक्षीदार म्हणून उभे केले, ते साधन म्हणजे इंग्लंडमधील फार्म हॉल या घरात चोरून ऐकली गेलेली संभाषणे.

प्रस्तुत लेखात या संभाषणांचा विचार इतिहासाचे साधन म्हणून नव्हे, तर एक वाङ्मयीन संहिता म्हणून करावयाचा आहे. अशा विचाराला जागा आहे काय, अशी शंका कोणी घेईल. गुप्तहेर खात्याच्या अहवालाला वाङ्मय म्हणणे हे वाङ्मयाचा अर्थ अकारण सैल करणे आहे, असेही कोणी म्हणेल. तथापि या संहितेविषयीचे सारे मतभेद पाहिले, तर ते माहितीविषयीचे नसून वाचनाविषयीचे आहेत, हे ध्यानात येते. एखादे वाक्य गांभीर्याने उच्चारले गेले की उपरोधाने, ते कोणाला उद्देशून होते, त्याच्या आधी कोण काय बोलले होते, बोलणाऱ्याने तेच विधान पुढे कोणत्या स्वरूपात मांडले, हे प्रश्न समीक्षकाच्या रोजच्या परिचयाचे आहेत. ते सोडविल्याशिवाय या साक्षीदाराची साक्ष घेता येत नाही. किंबहुना, ती साक्ष घाईने घेतली गेल्यामुळेच पुष्कळ घोटाळा झाला, असे दाखविता येईल.

( २ )

प्रथम या संहितेच्या जन्माची हकिकत पाहणे अवश्य आहे. जर्मनी पडत असताना सॅम्युअल गाउडस्मिट यांच्या शास्त्रीय नेतृत्वाखालील ‘अल्सॉस’ या अमेरिकन पथकाने जर्मन अणुसंशोधनाचा माग काढला. एप्रिल १९४५ मध्ये हायगेरलोख या गावी, खडकात खोदलेल्या एका तळघरात, त्याला जर्मनांची अखेरची प्रायोगिक अणुभट्टी सापडली. ६६४ युरेनियमचे घन साखळ्यांनी टांगून सुमारे दीड टन जड पाण्यात बुडविण्याची ती योजना होती. तिच्यात न्यूट्रॉनांची संख्या वाढत होती. पण स्वयंपोषित साखळी-प्रक्रिया सुरू झाली नव्हती. शिकागो येथे एन्रिको फेर्मी यांनी ती प्रक्रिया २ डिसेंबर १९४२ रोजीच साध्य केली होती. ही तुलना पुढे उपयोगी पडणार आहे.

पकडलेल्या शास्त्रज्ञांपैकी दहा जणांना ३ जुलै १९४५ रोजी केंब्रिजजवळील गॉडमँचेस्टर येथील फार्म हॉल या घरात आणण्यात आले, आणि जानेवारी १९४६ च्या आरंभापर्यंत तेथे ठेवण्यात आले. ऑटो हान, व्हेर्नर हायझेनबेर्ग, माक्स फॉन लाउए, कार्ल फ्रीडरिश फॉन व्हायत्सेकर, वाल्टर गेरलाख, पाउल हार्टेक, कुर्ट डीब्नर, कार्ल व्हिर्ट्स, एरिश बागे आणि होर्स्ट कोर्शिंग हे ते दहा. घराच्या भिंतींत ध्वनिग्राहक यंत्रे बसविलेली होती. तेथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत डीब्नर यांनी तशी शंका बोलून दाखविली. पण हायझेनबेर्ग यांनी ती हसून उडवून लावली. गेस्टापोच्या खऱ्या पद्धती इंग्रजांना ठाऊक नाहीत, या बाबतीत ते जुन्या वळणाचे आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आणि त्यांचे हे उद्गारही अर्थात त्या यंत्रांनी टिपून घेतले.

या ठिकाणी संहितेच्या घडणीसंबंधी तीन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही, की जे बोलले गेले ते सर्व उतरले नाही. ऐकणाऱ्यांना जे महत्त्वाचे वाटले तेवढेच उतरविले गेले, आणि ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. दुसरी ही, की आज जे उपलब्ध आहे ते मुख्यतः इंग्रजी भाषांतर आहे. मूळ जर्मन शब्द फारच थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. तिसरी ही, की या अहवालांना एक निवेदक आहे. मेजर रिटनर हे त्या घराचे प्रमुख अधिकारी. ते कैद्यांना ‘पाहुणे’ म्हणतात, प्रत्येकाचे दोन-चार ओळींचे स्वभावचित्र देतात, हान यांच्या विनोदबुद्धीची वाखाणणी करतात, आणि डीब्नर यांच्यावर विश्वास टाकण्यासारखा नाही असा शेराही मारतात. म्हणजे ज्याला आपण नुसते टिपण समजतो, त्यात निवड आहे, भाषांतर आहे, आणि एका मिस्कील निवेदकाचा दृष्टिकोणही आहे. हे अहवाल फेब्रुवारी १९९२ मध्ये खुले होईपर्यंत, जनरल ग्रोव्ह्ज यांनी १९६२ च्या आपल्या आठवणींत दिलेल्या काही उताऱ्यांपलीकडे, वाचकांना फारसे काही पाहावयास मिळाले नव्हते.

( ३ )

६ ऑगस्ट १९४५ ची संध्याकाळ हा या संहितेचा मध्यबिंदू आहे. जेवणाच्या थोडे आधी रिटनर यांनी हान यांना एकट्यांना गाठून, अणुबाँब टाकला गेल्याची बातमी नभोवाणीवरून जाहीर झाली असल्याचे सांगितले. अणुकेंद्राच्या विभाजनाचा शोध हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी डिसेंबर १९३८ मध्ये लावला होता. लाखो माणसांच्या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत, असे हान यांना वाटले. या शोधातील भयंकर शक्यता प्रथम ध्यानात आली तेव्हा आत्महत्येचा विचार मनात आला होता, असे त्यांनी रिटनर यांना सांगितले. पुष्कळसे मद्य देऊन त्यांना शांत करावे लागले. मग ते खाली जेवणाच्या टेबलाशी गेले आणि त्यांनी ती बातमी सहकाऱ्यांना सांगितली.

यानंतर जे घडते ते वाचकाला चकित करणारे आहे. जो मनुष्य काही क्षणांपूर्वी शोकाने खचला होता, तोच आता टोमणे मारू लागतो. अमेरिकनांपाशी युरेनियमचा बाँब असेल, तर तुम्ही सगळे दुय्यम प्रतीचे ठरलात, बिचारे हायझेनबेर्ग, अशा आशयाचे त्यांचे बोलणे आहे. हायझेनबेर्ग उलट विचारतात, की बातमीत युरेनियम हा शब्द आला होता काय ? तो आला नव्हता, असे कळताच ते निर्वाळा देतात, की मग या प्रकाराचा अणूशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या कोणा अर्धवट जाणकाराने काहीतरी गाजावाजा केलेला दिसतो. हान पुन्हा टोचतात, की कसेही असले तरी तुम्ही मागे पडलात, आणि ते तुमच्यापेक्षा पन्नास वर्षे पुढे आहेत.

हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद भरतमुनींनी सांगितले आहेत : मनुष्य स्वतः हसतो ते एक, आणि दुसऱ्याला हसवितो ते दुसरे. फार्म हॉलच्या त्या टेबलावरील हास्य या दोहोंत नीट बसत नाही. हान कोणालाही हसवू इच्छीत नाहीत, आणि ते स्वतः हसतही नाहीत. त्यांचा उपरोध हा शोकाने घेतलेला वेष आहे. ज्या शोधाचा भार छातीवर आहे, त्याविषयी बोलणे अशक्य असल्यामुळे ते दुसऱ्याच्या अपयशाविषयी बोलतात. उलट, हायझेनबेर्ग यांचा उपहास हा अभिमानाने घेतलेला वेष आहे. जे आपल्याला जमले नाही ते दुसऱ्याला जमणे शक्यच नाही, हे गृहीतकृत्य त्याच्या मुळाशी आहे. बाहेरून दोघांची वाक्ये एकाच जातीची, तिरकस आणि तुटक, दिसतात. त्यांचे स्थायी भाव मात्र भिन्न आहेत. हा भेद ज्याला दिसला नाही, त्याला या दृश्यात केवळ दोन वृद्धत्वाकडे झुकलेल्या प्राध्यापकांची चकमक दिसेल. वस्तुतः हान तेव्हा सहासष्ट वर्षांचे आणि हायझेनबेर्ग त्रेचाळीस वर्षांचे होते. एक आपल्या शोधाकडे मागे वळून पाहत होता, दुसऱ्याला आपली कीर्ती अजून पुढे न्यावयाची होती.

( ४ )

आता प्रश्न असा, की या उपरोधाची साक्ष कोणत्या गोष्टीविषयी ग्राह्य धरावयाची ? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की उपरोध हा ज्ञानाविषयी विश्वसनीय साक्षीदार आहे, हेतूविषयी नाही.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. मनुष्य एखाद्या बातमीची तत्काळ थट्टा करतो, तेव्हा ती बातमी त्याच्या अपेक्षेच्या चौकटीबाहेरची असते. थट्टेला विचार करण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच तीत बोलणाऱ्याची आधीची समजूत उघडी पडते. बातमीतला आकडा होता वीस हजार टन स्फोटक द्रव्याइतक्या शक्तीचा. रात्री नऊच्या बातमीपत्राने आणखी तपशील दिला, ५० कोटी पौंड खर्च झाल्याचे सांगितले, आणि मग सर्वांची खात्री पटली. तेव्हा हायझेनबेर्ग म्हणाले, की तो सारा पैसा समस्थानिके वेगळी करण्यातच गेला असला पाहिजे. त्यानंतर हान यांच्याशी बोलताना त्यांनी बाँबला लागणाऱ्या युरेनियम-२३५ विषयी जो हिशेब मांडला, तो सुमारे एक टनाचा होता. आणि ज्या पद्धतीने तो मांडला, ती पद्धतच सदोष होती. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलोग्रॅम समृद्ध युरेनियम होते. मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी हा आकडा किलोग्रॅमच्या आसपास असेल असे गणित केले होते. तेही चुकले, पण उलट्या दिशेने. आणि त्यांची चूक काम सुरू करावयास लावणारी होती.

१४ ऑगस्ट रोजी, म्हणजे आठवड्यानंतर, हायझेनबेर्ग यांनी त्याच घरात सहकाऱ्यांपुढे एक व्याख्यान दिले, आणि त्यात हा विषय बराचसा बरोबर मांडला. टॉमस पॉवर्स यांच्यासारख्या लेखकांना यात दडवून ठेवलेल्या ज्ञानाचा पुरावा दिसतो. मनुष्याला आठवड्यात एवढे कळते, म्हणजे ते त्याला आधीपासूनच माहीत असले पाहिजे, अशी ही विचारसरणी. पण ती ६ तारखेच्या रात्रीचा स्वर विचारात घेत नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे आणि जो ते लपवीत आहे, तो, आपल्यावर पाळत नाही अशी खात्री असताना, आपल्या सर्वांत निकटच्या सहकाऱ्यासमोर चुकीचे उत्तर कशासाठी उभारील ? हायझेनबेर्ग यांच्या प्रतिभेचा मनुष्य एकदा उत्तर शक्य आहे असे कळल्यावर ते आठवड्यात शोधून काढील, यात नवल काहीच नाही. शक्यतेची खात्री हीच त्या बातमीने त्यांना दिलेली मोठी देणगी होती.

अर्थात येथेही सावधपणा पाहिजे. फेब्रुवारी १९४२ च्या जर्मन लष्करी शस्त्रविभागाच्या एका अहवालात बाँबसाठी १० ते १०० किलोग्रॅम द्रव्य लागेल असा अंदाज आढळतो. तो अहवाल हायझेनबेर्ग यांचा नव्हे; तथापि जर्मनीत कोणालाच अंदाज नव्हता, असे म्हणण्याला त्याने बाध येतो. तेव्हा त्या रात्रीच्या संभाषणावरून एवढेच सिद्ध होते, की हायझेनबेर्ग यांनी हा हिशेब युद्धकाळात मन लावून केलेला नव्हता. का केला नव्हता, याचे उत्तर त्या स्वरात नाही.

( ५ )

हेतूची भाषा त्या रात्री निराळ्या जागी जन्मास आली, आणि ती जन्मास येताना आपणास दिसते. या संहितेचे सर्वांत मोठे वाङ्मयीन मूल्य येथेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

रात्र चढू लागली तसतशी तिरकस वाक्ये कमी होतात, आणि सरळ, गंभीर, लांब वाक्ये वाढू लागतात. कोर्शिंग म्हणाले, की अमेरिकनांना प्रचंड प्रमाणावर सहकार्य साधता येते, हे यावरून दिसते. जर्मनीत ते अशक्य होते, कारण तेथे प्रत्येक जण दुसऱ्याला क्षुल्लक ठरवीत असे. गेरलाख यांना, अर्थातच, ते रुचले नाही. संशोधनाची शासकीय सूत्रे त्यांच्याच हाती होती. हायझेनबेर्ग यांनी सांगितले, की १९४२ च्या वसंतऋतूत एक लाख वीस हजार माणसे या कामाला लावा, असे सरकारला सुचविण्याचे नैतिक धैर्य आपणाला झाले नसते. आणि मग व्हायत्सेकर यांनी ते प्रसिद्ध विधान केले, की हे कार्य आपण केले नाही याचे कारण पदार्थवैज्ञानिकांना ते तत्त्वतः करावयाचे नव्हते; जर्मनीने युद्ध जिंकावे असे सर्वांना वाटत असते, तर आपण यशस्वी झालो असतो.

याला हान यांनी दिलेले उत्तर साऱ्या संहितेत बहुधा सर्वांत प्रामाणिक आहे. त्यांनी सांगितले, की हे आपल्याला खरे वाटत नाही. पण आपण यशस्वी झालो नाही, याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. एका वाक्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या : परिणामाबद्दलचे समाधान, आणि त्या परिणामाचे श्रेय. व्हायत्सेकर यांच्या विधानात त्या एकजीव झाल्या होत्या. पुढे बागे यांनीही डीब्नर यांच्यापाशी कुरकुर केली, की व्हायत्सेकर यांच्यापुरते ते खरे असेल, पण सर्वांच्या वतीने तसे म्हणणे हास्यास्पद आहे.

तरीही हा पाठ टिकला. व्हायत्सेकर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. अमेरिकनांनी आणि इंग्रजांनी बाँब केला, त्याच वेळी हिटलरच्या राजवटीत जर्मनांनी चालू शकणारे यंत्र तयार केले, अशी नोंद इतिहास करील, असे ते म्हणाले. हे विधान ऐकण्यास फार डौलदार आहे. पण हायगेरलोखची भट्टी चालली नव्हती, आणि शिकागोची चालली होती; तेव्हा या विरोधातील दोन्ही बाजू निराधार आहेत. विरोधालंकाराच्या सौष्ठवाने सत्याची जागा घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

८ ऑगस्टला या सर्वांतून एक निवेदन तयार झाले, आणि त्यावर दहाही जणांच्या सह्या झाल्या. वृत्तपत्रांतील श्रेयवाटपाने ही मंडळी अस्वस्थ झाली होती. विभाजनाचा शोध हान आणि श्ट्रासमान यांचा, लिझे माइटनर शोधापूर्वीच बर्लिन सोडून गेल्या होत्या, असे त्यात आग्रहाने नोंदविले आहे. माइटनर यांना बर्लिन का सोडावे लागले, याविषयी मात्र ते स्तब्ध आहे. त्या जन्माने ज्यू होत्या, आणि जुलै १९३८ मध्ये त्यांना जीव वाचविण्यासाठी देशत्याग करावा लागला होता. ६ तारखेच्या तुटक उपरोधात जे होते आणि ८ तारखेच्या सुबक गद्यात जे नाही, ते म्हणजे मतभेद. दहा तोंडांचा एक आवाज झाला, आणि त्या एकमुखी निवेदनात हान यांच्या अविश्वासाला जागा राहिली नाही.

माक्स फॉन लाउए हे या घडामोडीचे साक्षी होते. युद्धकाळातील अणुसंशोधनात त्यांचा भाग नव्हता, आणि नाझी राजवटीविषयीचा आपला विरोध त्यांनी फारसा लपविला नव्हता. १९५९ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी, हा सारा ‘पाठ’ जेवणाच्या टेबलावर कसा तयार होत गेला, व्हायत्सेकर त्यात कसे अग्रेसर होते, आणि त्या बोलण्यात नैतिक दृष्टिकोण आपल्याला कसा ऐकू आला नाही, हे सांगितले. त्यांनी वापरलेला जर्मन शब्द हस्तलिखिताच्या पाठालाही लावतात. संपादनशास्त्रातील ही संज्ञा त्यांनी सहज वापरली, पण तिच्यात एक संपूर्ण समीक्षा सामावलेली आहे.

( ६ )

या संहितेच्या वाचकांकडे पाहिले, तर प्रत्येकाने तिच्यातील एकच स्वर ऐकला, असे दिसते. गाउडस्मिट यांनी १९४७ मध्ये ‘अल्सॉस’ या ग्रंथात जर्मनांच्या अपयशाचे खापर हुकूमशाहीवर आणि हायझेनबेर्ग यांच्याभोवतीच्या व्यक्तिपूजेवर फोडले. त्यांचे आईवडील ऑशव्हिट्झच्या छळछावणीत मारले गेले होते. त्यांच्या लेखणीतील कठोरपणाला ही पार्श्वभूमी आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि जर्मन शास्त्रज्ञांना पुष्कळशा प्राथमिक गोष्टीही कळल्या नव्हत्या, हा त्यांचा निष्कर्ष अतिव्याप्त होता.

१९५६ मध्ये रॉबर्ट युंक यांनी अगदी उलट बाजू मांडली. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘सहस्र सूर्यांहून तेजस्वी’ असे आहे, आणि त्यामागे भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपवर्णन आहे. तेव्हा भारतीय वाचकाला ते नाव परके वाटत नाही. जर्मन शास्त्रज्ञांनी सदसद्विवेकाला स्मरून बाँब टाळला, असे चित्र त्यांनी रंगविले. मार्क वॉकर यांच्या ग्रंथाच्या जर्मन आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना, आपण एका दंतकथेच्या प्रसाराला हातभार लावला, असे पुढे खुद्द युंक यांनीच म्हटले. परंतु दंतकथा कर्त्याच्या माघारीने मरत नाहीत. १९९३ मध्ये पॉवर्स यांनी तीच कथा अधिक परिश्रमाने पुन्हा सांगितली. १९९८ मध्ये पॉल लॉरेन्स रोझ यांनी तितक्याच आवेशाने तिचे खंडन केले. त्याच वर्षी मायकेल फ्रेन यांचे ‘कोपनहेगन’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. सप्टेंबर १९४१ मधील नील्स बोर आणि हायझेनबेर्ग यांच्या भेटीचा अर्थ अनिश्चितच राहणार, अशी त्याची भूमिका आहे.

नाटककाराला ही भूमिका घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्या भूमिकेचा समीक्षेत झालेला उपयोग आक्षेपार्ह आहे. सर्व काही अनिश्चित आहे, असे म्हणण्याने मोठे चातुर्य दाखविल्याचा भास होतो, आणि निर्णयाचे दायित्वही टळते. फेब्रुवारी २००२ मध्ये बोर यांनी न पाठविलेल्या पत्रांचे मसुदे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या भेटीविषयीची बोर यांची आठवण युंक यांच्या कथनाशी जुळत नाही, हे उघड झाले. म्हणजे सर्वच अनिश्चित नव्हते. काही भाग नुसता न वाचलेला होता. अनिश्चितता हे पदार्थविज्ञानातील एक तत्त्व आहे. ते आळशी वाचनाचे समर्थन नव्हे.

( ७ )

येथे एक आक्षेप संभवतो, आणि त्याचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. उपरोधाला ज्ञानाचा साक्षीदार मानावयाचे, आणि गंभीर विधानाला मागाहून रचलेला पाठ म्हणावयाचे, हा पक्षपात नव्हे काय ? मनुष्य थट्टेतही लपतो, आणि गांभीर्यातही खरे बोलतो.

आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर संहितेतच शोधले पाहिजे. १६ नोव्हेंबर १९४५ रोजी या मंडळींना वृत्तपत्रातून कळले, की हान यांना १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आहे. त्या रात्री मेजवानी झाली, भाषणे झाली, आणि एक विनोदी गीत गाइले गेले. जगातील सगळ्या उलथापालथीचे खापर शेवटी ऑटो हान यांच्याच माथी फोडावयाचे, असा त्या गीताचा खेळ होता. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी जी जाणीव एका माणसाला आत्मघाताच्या विचारापर्यंत घेऊन गेली होती, तीच आता मेजवानीतील कोटीचा विषय झाली. येथे उपरोध प्रकट करीत नाही, आच्छादन करतो. तीन महिन्यांत एका व्रणाचे गाणे झाले.

तेव्हा उपरोध म्हणून उपरोध विश्वसनीय, असा नियम सांगता येत नाही. विश्वसनीय असतो तो पूर्वतयारी नसलेला उपरोध. कारण त्याला श्रोता नसतो, केवळ प्रसंग असतो. ज्या क्षणी त्याला चाल लावली जाते, पालुपद दिले जाते आणि तो समूहाने म्हटला जातो, त्या क्षणी तोही निवेदनाच्या पंगतीत जाऊन बसतो. भेद विनोद आणि गांभीर्य यांतला नाही. भेद पहिल्या उद्गारात आणि घडविलेल्या उक्तीत आहे. हान यांचे व्हायत्सेकरांना दिलेले उत्तर गंभीर होते, तरी ते पहिल्या उद्गाराच्या जातीचे होते. म्हणूनच ते आजही टिकते. व्हायत्सेकर यांचे बोलणेही त्या रात्रीचेच होते. पण ते आरंभापासूनच इतिहास काय म्हणेल याचा विचार करीत होते, आणि त्या अर्थाने ते जन्मतःच दुसरी आवृत्ती होते.

( ८ )

या साऱ्या विवेचनाचे फलित काय ? जर्मन शास्त्रज्ञांना बाँब करता आला नाही, की त्यांनी तो केला नाही, या प्रश्नाला फार्म हॉलची संहिता एका शब्दात उत्तर देत नाही. ती एवढे दाखविते, की ६ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत हा प्रश्न त्या मंडळींपुढे या स्वरूपात उभाच नव्हता. युद्धकाळात त्यांनी अणुभट्टीचे काम हौसेने, परस्परांशी स्पर्धा करीत, आणि जर्मनी जगाच्या पुढे आहे या समजुतीने केले. बाँबचे काम दूरचे आणि अवाढव्य वाटले, म्हणून ते मागे राहिले. बातमी आल्यानंतर मात्र न केलेल्या कामाला कारण द्यावे लागले, आणि उपलब्ध कारणांपैकी सर्वांत सन्मान्य कारण निवडले गेले. यात कोणी हेतुपुरस्सर खोटे बोलले, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. मनुष्य आपल्या भूतकाळाचा संपादक असतो, आणि संपादन करताना आपण खोटे लिहितो आहोत असे त्याला सहसा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण ती नोंदविल्याशिवाय या संहितेचे मूल्यमापन अपुरे राहील. त्या एका बाँबने १९४५ च्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्रीच्या बोलण्यात श्रेय आहे, खर्च आहे, समस्थानिके आहेत, राष्ट्राची प्रतिष्ठा आहे. गेरलाख आपल्या खोलीत जाऊन पराभूत सेनापतीसारखे रडले, हेही आहे. अमेरिकनांच्या कृत्याला व्हायत्सेकर यांनी वेडेपणा म्हटले. त्यावर हायझेनबेर्ग यांनी, युद्ध लवकर संपविण्याचा तोच मार्ग होता असेही म्हणता येईल, असे उत्तर दिले. पण ज्यांच्यावर तो बाँब पडला, त्या माणसांसाठी त्या टेबलावर फार थोडी जागा होती. हान यांच्या शोकात ती होती. म्हणूनच त्या रात्री ते झोपेपर्यंत लाउए आणि इतरांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले. एरवी सर्वांचे कान नभोवाणीकडे होते, आणि नभोवाणी यंत्राविषयी बोलत होती.

नव्या शोधाची बातमी आली, की तज्ज्ञ मनुष्य प्रथम तिची थट्टा करतो, मग तिचा हिशेब मांडतो, आणि शेवटी तिच्यासंबंधी आपली भूमिका ठरवितो. हा क्रम फार्म हॉलपुरता मर्यादित नाही. विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या भोजनगृहांत तो आजही पाहावयास मिळतो. फार्म हॉलचे वैशिष्ट्य एवढेच, की तेथे हे तीनही टप्पे एकाच रात्रीत घडले, आणि भिंतीला खरोखरच कान होते. या विषयाच्या अभ्यासकाने निवेदनापासून मागे, भूमिकेपासून हिशेबाकडे आणि हिशेबापासून पहिल्या उद्गाराकडे जाण्याची सवय लावून घेतली, तर हेतूविषयीचे पुष्कळ वाद आपोआप लहान होतील. जे उरतील, ते मात्र खरे वाद असतील. आणि त्यांचा निर्णय करताना अनिश्चिततेच्या तत्त्वाआड दडण्याची सवलत समीक्षेने कोणालाही देऊ नये.